संत तेरेजाच्या घरची शाळा



आपल्यापैकी काही तरुण आईवडील अलीकडे एक प्रश्न घेऊन भेटले. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवले तर चालेल का? कोणाचे नातेवाईक अमेरिकेत आहेत. तिथे पुष्कळ कॅथलिक कुटुंबे असे करतात हे त्यांनी पाहिले आहे. कोणाला फी, ट्यूशन आणि दप्तराचे ओझे यांचा वीट आला आहे. कोणाच्या मनात २०२० सालची टाळेबंदी आहे. तेव्हा शाळाही बंद होती आणि चर्चही बंद होते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकाच मोबाईलवर सकाळी मिस्सा आणि नंतर गणिताचा तास चाले. पुष्कळ घरांना तो काळ नकोसा झाला. पण काही घरांना त्या काळात स्वतःचीच मुले नव्याने भेटली, हेही खरे आहे.

पहिले उत्तर थोडक्यात देतो. ख्रिस्तसभेची हरकत नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असे म्हटले आहे. १९८३ सालच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, मुलांच्या कॅथलिक शिक्षणासाठी योग्य साधन निवडण्याचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही पालकांना दिलेली आहेत. त्याच कायद्यात शाळेलाही मोठा मान आहे. त्यामुळे घरी शिकविणारे अधिक धार्मिक आणि शाळेत पाठविणारे कमी, असे कोणी समजू नये. देशाच्या कायद्याचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो आणि घरी शिकविण्याविषयी स्पष्ट काही बोलत नाही. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे, म्हणजे एनआयओएसमार्फत, देता येते. तिथे वयाची किमान अट चौदा वर्षांची आहे. जाणकारांशी बोलल्याशिवाय या वाटेला लागू नका.

खरा प्रश्न यापुढचा आहे. मुलांना घरी शिकविणाऱ्या एका आईने मला सांगितले, की त्यांना वाटले होते घरात प्रार्थना असेल, गाणी असतील, मुले पुस्तके घेऊन आनंदाने बसतील. प्रत्यक्षात दहा वाजेपर्यंत दोन भांडणे झालेली असतात, भात करपलेला असतो आणि संध्याकाळच्या रोजरीला धाकटा झोपी गेलेला असतो. मग तो आनंद कुठे आहे? हा प्रश्न फक्त तिचा नाही. मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून चर्चगेट लोकल पकडणाऱ्या आईचाही तो आहे. म्हणून आज एका घराकडे आपण जरा सावकाश पाहू या.

बाळ येशूच्या संत तेरेजेला आपण सर्वजण ओळखतो. १ ऑक्टोबरला तिचा सण असतो आणि गुलाब हातात घेतलेली तिची तसबीर कितीतरी घरांत आहे. तिचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांना पोप फ्रान्सिस ह्यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद दिले. हे दोघे फ्रान्समधल्या आलाँसाँ या गावचे. लुई घड्याळजी होते. झेलीचा सुईने विणायच्या लेसचा व्यवसाय होता, आणि तो इतका वाढला की १८७० साली लुईंनी घड्याळांचे दुकान सोडले व पत्नीच्या कामात हातभार लावू लागले. त्यांना नऊ मुले झाली. त्यांतली चार लहानपणीच देवाघरी गेली. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचताना सारखे जाणवते की ही बाई थकलेली आहे: लेसच्या मागण्या पुऱ्या करायच्या आहेत, पोर आजारी आहे, रात्र झाली आहे आणि काम संपलेले नाही. संताच्या घरातला दिवस आपल्या दिवसासारखाच होता.

झेली स्तनाच्या कर्करोगाने २८ ऑगस्ट १८७७ रोजी वारली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुई पाचही मुलींना घेऊन लिझ्यू या गावी राहायला आले, आणि तिथे तेरेजेची घरची शाळा रीतसर सुरू झाली. शिक्षिका कोण? सोळा वर्षांची बहीण पोलीन आणि सतरा वर्षांची मारी. सकाळी पोलीन धडे घेई, मारी अक्षर गिरवून घेई. तेरेजा पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिते की धर्मशिक्षण आणि पवित्र इतिहास तिला सहज येत, पण व्याकरण आले की रडू येई. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांनी तिला फार छळले. (विश्वविख्यात धर्मपंडिता झालेली संत लिंगविचारावर रडत होती, हे मराठी व्याकरणाशी झगडणाऱ्या आपल्या मुलांना जरूर सांगा.) स्वतः वाचलेला तिचा पहिला शब्द होता ‘स्वर्ग’. धडे झाले की ती वर बाबांच्या खोलीत जाई आणि आपले गुण सांगे.

दुपारी बाबांबरोबर फिरायला जायचे. वाटेत रोज एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताची भेट घ्यायची, आणि एक-दोन सूची, म्हणजे आपल्याकडच्या चार-आठ आण्यांची म्हणा ना, एखादी वस्तू भेट मिळायची. रात्री पटावरचा खेळ होई. मग थोरली बहीण उपासना-वर्षावरील पुस्तकातले काही वाचून दाखवी, तेरेजा बाबांच्या मांडीवर बसे, बाबा गाणे म्हणत. शेवटी सगळे मिळून प्रार्थनेला जात. संत माणसे प्रार्थना कशी करतात हे कळायला तिला बाबांकडे नुसते पाहणे पुरेसे होते, असे ती सांगते.

या दिनक्रमात मोठे असे काही नाही. चाळीस पानांची योजना नाही, ‘आनंदाचा तास’ नाही. ‘श्रद्धेचा तास’ असलाच तर तो पवित्र इतिहासाच्या धड्याएवढाच. तरी मुलीच्या मनात जे राहिले ते त्या गुणांपेक्षा बाबांचा चेहरा, आणि चर्चच्या दारात त्यांनी काढलेली हॅट.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवीत, तेव्हा त्यांचा एक विचार मला फार कोरडा वाटे. आज कुटुंबांकडे पाहताना तोच सर्वांत उपयोगी वाटतो. थॉमस विचारतात, आनंद हा स्वतंत्र सद्‌गुण आहे का? आणि ते म्हणतात, नाही. आनंद हे प्रीतीचे फळ आहे. फळ थेट तयार करता येत नाही; झाडाला पाणी घालावे लागते. ज्याच्यावर आपण प्रीती करतो तो जवळ असला, त्याचे भले झाले, की आनंद न बोलावता येतो. म्हणून ‘आमच्या घरात आनंद का नाही?’ असे दिवसातून चार वेळा तपासणारी आई अधिकच कष्टी होते. तिने आज धाकट्याची बेरीज समजून घेतली आणि करपलेला भात हसून वाढला, तर तिने प्रीतीचे काम केलेले आहे. फळ तिला आज दिसेल किंवा उद्या दिसेल. तेरेजेच्या घरी ते झेलीला दिसलेच नाही. ते पाहायला ती राहिली नाही.

थॉमस यांचा दुसराही एक विचार सांगतो. मूल जन्माला येण्याआधी आईच्या उदरात असते. थॉमस म्हणतात, जन्मानंतरही, त्याची स्वतःची विचारशक्ती जागी होईपर्यंत, ते आईवडिलांच्या देखरेखीखाली जणू एका आध्यात्मिक उदरात असते. ही उपमा त्यांनी एका गंभीर प्रश्नाच्या संदर्भात दिली: ख्रिस्ती नसलेल्या आईवडिलांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा का? थॉमस म्हणाले, देऊ नये, तो अन्याय होईल. म्हणजे आईवडिलांचा हा अधिकार ते इतका खोल मानत होते. पण उदराचे काम बाळाला कायमचे आत ठेवणे नव्हे. वेळ आली की ते सोडावे लागते.

आणि इथे मार्टिन कुटुंबाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, कारण अशा लेखांत ती बहुधा गाळली जाते. थोरल्या दोघी, मारी आणि पोलीन, घरी शिकल्या नाहीत. त्या ल माँ या गावी धर्मभगिनींच्या वसतिगृहात शिकल्या, तिथे त्यांची मावशी धर्मभगिनी होती. मधली लेओनी हळवी, हट्टी, मागे पडणारी. तिलाही त्याच शाळेत पाठवले, पण दोन वेळा परत पाठविण्यात आले. मग ती घरीच राहिली, आणि घरात काय घडले? घरातली मोलकरीण तिला धाक दाखवून स्वतःच्या मुठीत ठेवीत होती. हे कित्येक वर्षे चालले होते, आणि झेलीला ते मृत्यूच्या काही महिने आधी, थोरलीच्या लक्षात आल्यामुळे कळले. संतांच्या घरात, आईच्या डोळ्यांसमोर! त्यानंतर उरलेल्या थोड्या दिवसांत झेलीने लेओनीला स्वतःजवळ घेतले, आणि जी मुलगी कोणाचेच ऐकत नव्हती ती आईला बिलगून राहू लागली. पुढे अनेक प्रयत्नांनंतर लेओनी १८९९ साली कान शहरातल्या मठात कायमची स्थिरावली. १९४१ साली तिचा मृत्यू झाला आणि २०१५ साली तिच्या धन्यपदासाठी चौकशी सुरू झाली. घर म्हटले की सुरक्षित, असे गृहीत धरणाऱ्यांनी लेओनीची गोष्ट लक्षात ठेवावी. गप्प राहणाऱ्या मुलाला विचारावे लागते.

तेरेजेचेही पाहा. साडेआठ वर्षांची असताना ती मठाच्या शाळेत जाऊ लागली. अभ्यासात इतकी पुढे होती की मोठ्या मुलींच्या वर्गात बसवली गेली. घरच्या शिक्षिका उत्तम होत्या याचा हा पुरावाच. पण संगत तिला झेपली नाही. वर्गातली एक मोठी मुलगी तिला त्रास देई, आणि तिला उलट उत्तर देता येत नसे. शाळेतली ती वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत दुःखाची होती असे ती लिहिते. घराची ऊब होती, पण बाहेरच्या वाऱ्याची सवय नव्हती. एकाच घरात पाच मुली, एकीला वसतिगृह, एकीला घर, एकीला आधी घर आणि मग शाळा. लुई आणि झेली यांनी एकच नियम सर्वांना लावला नाही, हा त्यांचा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

जी मुले शाळेत जातात त्यांच्या घरी मग काय करायचे? अनुवादाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय या आठवड्यात उघडून वाचा. परमेश्वराच्या आज्ञा मुलांना केव्हा शिकवाव्यात हे तिथे सांगितले आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यांतली एकही वेळ शाळेची नाही. चारही वेळा आपल्याच हातात आहेत; आज त्यांतल्या तीन वेळा मोबाईलने घेतलेल्या आहेत, आणि केवळ मुलांच्याच नव्हे. त्याच अध्यायाच्या शेवटी मुलगा विचारतो की हे सारे नियम कशासाठी. त्यावर बापाने व्याख्या द्यायची नाही, गोष्ट सांगायची आहे: आपण मिसर देशात गुलाम होतो, परमेश्वराने आपल्याला बाहेर आणले. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, कठीण वर्षांत देवाने तुम्हाला कसे सांभाळले? ते मुलांसमोर बोलू द्या. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात हा धडा छापलेला नाही.

शंका आल्यास नाझरेथ आठवावे. लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, आईवडिलांना उत्तर देतो, आणि लूक स्वच्छ लिहितो की त्यांना ते समजले नाही. त्यानंतर तो त्यांच्याबरोबर घरी जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. जगातल्या सर्वांत पवित्र घरातही आईवडिलांना मुलाचे सगळे समजत नव्हते.

आता व्यवहाराचे. प्रथम कम्युनियनच्या तयारीची जबाबदारी कॅनन लॉ आधी आईवडिलांवर ठेवतो, धर्मगुरूचे नाव त्यानंतर येते. तरीही घरी शिकणाऱ्या मुलांनी रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला यायचेच आहे, इतर मुलांच्याच बाकावर बसायचे आहे. तेरेजेला जी संगत उशिरा मिळाली ती त्यांना लवकर मिळो. आणि ज्यांच्या मनात घरी शिकविण्याचा विचार आहे त्यांनी शाळेचा दाखला काढण्याआधी मला येऊन भेटावे. दोघांनी यावे. एकटी आई आली तर मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, की दिवसभर शिकवून झाल्यावर रात्रीची भांडी कोण घासणार.