अनेक अवजारांचा घडीचा चाकू

स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला व १८९१ साली स्विस सैन्यास घडीचे चाकू पुरविले. त्यांत पाते, आरी, डबा फोडण्याचे साधन आणि बंदूक खोलण्यास उपयोगी पेचकस, अशी चार अवजारे होती. १८९७ च्या सुधारित चाकूत दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारे बसविली गेली.

स्प्रिंग पाते उघडे धरते. मात्र साध्या चाकूत ते अडकून राहत नाही. म्हणून पात्याने टोचू वा उचकटू नये. ते अचानक मिटून बोट कापते. रोगट फांदी छाटल्यावर पाते जंतुनाशकाने पुसावे; अन्यथा रोग निरोगी झाडास लागण्याचा संभव असतो. काम संपताच चाकू कोरडा करून सांध्यास तेल द्यावे.