३२ गुण मिळाले, तर?

समजा तुमच्या काकांनी स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, प्रश्नावली सोडवली आणि विचारले, "मी तपासणी करून घेऊ का?" काय सांगाल?

केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २००१ साली ५० प्रश्नांची अशी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या पाहणीत स्वमग्नतेचे निदान झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्क्यांना ३२ वा अधिक गुण पडले. इतरांपैकी फक्त २ टक्क्यांना. फरक मोठा दिसतो ना? आता गणित करू.

समजा, १,००० प्रौढांत १० स्वमग्न आहेत. त्यांतले ८ जण ३२ ची रेषा गाठतील, २ खालीच राहतील. उरलेल्या ९९० चे २ टक्के म्हणजे सुमारे २० जण. म्हणजे रेषा गाठणाऱ्या २८ जणांत स्वमग्न केवळ ८! (त्याच पाहणीत वैज्ञानिक व गणिती मंडळींचे गुण इतरांहून जास्त निघाले. आम्हा प्राध्यापकांना याचे नवल वाटू नये.)

पण काका काही हजारांतून चिठ्ठी टाकून निवडलेले नाहीत. काहीतरी जाचते आहे म्हणूनच त्यांनी प्रश्नावली हाती घेतली. तेव्हा त्यांना दोन गोष्टी विचारा. हे वेगळेपण लहानपणापासून आहे का? त्यामुळे नोकरीत, घरात, माणसांत अडचण होते का? दोन्हींना 'होय' म्हणाले, तर गुण २८ असोत की ३८, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे योग्य. तेथे बालपणाची चौकशी होते. आजी सोबत गेली तर उत्तमच. नाहीतर शेऱ्यांसकट जुनी प्रगतिपुस्तके माळ्यावरून काढून द्या.