गाडी घेण्याआधी रस्ता मोजा

जुलैतली सकाळ होती, भुरभुर पाऊस चालू होता. वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वळणावर माझ्या डर्ट बाइकचं मागचं चाक ओल्या डांबरावर निसटलं. मी गाडीसकट घसरत गेलो आणि कडेला उभ्या असलेल्या दूधवाल्या मामांच्या मोटारसायकलवर आदळलो. दोन्ही किटल्या आडव्या झाल्या, उतारावरून दूध गटाराकडे वाहत गेलं. मामांचं मनगट मोडलं, माझा घोटा. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "गाडीचे पेपर काढा." पेपर नव्हतेच.

आमची शेती त्याच तालुक्यात आहे, पुण्याहून साठेक किलोमीटरवर. नसरापूर फाट्यापर्यंत महामार्ग, पुढे डांबरी रस्ता, आणि शेवटचे जेमतेम चार किलोमीटर कच्चे: मुरूम, ओढ्यातले गोटे आणि पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधालगत पोटरीभर चिखल. मी त्या चार किलोमीटरसाठी गाडी निवडली, उरलेल्या छप्पन्नांचा विचारच केला नाही. विकणारा म्हणाला, "पासिंगचं नंतर बघू." मी ऐकून घेतलं. चूक तिथेच झाली.

त्या गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. डर्ट बाइक शंभर-एकशेदहा किलोची असते, चिखलात रुतली तरी एकटा माणूस ओढून काढतो. खड्डा आला तरी सस्पेन्शन तो हातापर्यंत पोहोचू देत नाही. पण तिला हेडलाइट नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत. टाकी सहा-सात लिटरची. इंजिनचं तेल आणि पिस्टन किलोमीटरवर नाही, चालवलेल्या तासांवर बदलायचे, म्हणजे महामार्गावरचा प्रत्येक तास तिचं आयुष्य खातो. आणि तिचे बटण टायर मऊ मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. डांबरावर फक्त बटणांची टोकं टेकतात, वळणावर ती मुडपतात, आणि त्यात पाऊस असला की माझं झालं तेच होतं.

कायद्याचं तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा लागतोच. कावासाकीच्या केएक्ससारख्या गाड्या आपल्याकडे बंदिस्त ट्रॅकसाठीच विकल्या जातात. त्या टेम्पोत घालून न्यायच्या असतात. माझ्या गाडीला नंबरच नव्हता, मग विमा कुठला? मामांच्या हाताचं ऑपरेशन, गाडीची दुरुस्ती आणि दोन महिने बुडालेला धंदा, सगळं मी भरून दिलं. तरी त्यांच्या मुलाला शाळेआधी पहाटे उठून रतीब घालावा लागला, ते कशानेच भरून निघालं नाही.

आता माझ्याकडे ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी गाडी आहे: २०१९ साली बाजारात आलेली एक्सपल्स २००, जुनीच घेतलेली. पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांची चाकं, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, नंबर प्लेट, विमा. वजन १५४ किलो. पोटरीभर चिखलात ती डर्ट बाइकसारखी तरंगत नाही, हे मान्य करायलाच हवं. तिथे मी टायरची हवा थोडी कमी करतो, फूटपेगवर उभा राहतो, पहिल्या गिअरमध्ये सावकाश काढतो. डांबर लागलं की हातपंपाने हवा पुन्हा भरतो. चार किलोमीटरला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढाच फरक.

म्हणून सांगतो, निवडण्याआधी आठवड्याभराचा तुमचा प्रवास वहीत लिहा: डांबर किती, मुरूम किती, चिखल किती. निम्म्याहून जास्त डांबर असेल तर ड्युअल-स्पोर्टच घ्या. स्वतःचं रान किंवा ट्रॅक आहे, गाडी न्यायला टेम्पो आहे आणि रस्त्यावर उतरायचंच नाही, अशांनी डर्ट बाइक खुशाल घ्यावी. तिच्याइतका आनंद मातीत दुसरी कुठलीच गाडी देत नाही. सीटची उंची कागदावर वाचू नका, बूट घालून बसून बघा; कावासाकीच्या केएलएक्स २३० ची सीट ८८० मिलिमीटरवर आहे, एक्सपल्सची ८२३ वर, आणि उतारावर पाय टेकवताना हा फरक कळतो. जी घ्यायची आहे तशीच मित्राची गाडी मऊ मातीत आडवी करून एकट्याने दोनदा उचलून बघा. दुसऱ्यांदा उचलता आली नाही, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

आणि "नंतर बघू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आधी आरसी मागा, आणि तिच्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.