दहा दिवस जाणार असशील तर ऐक

अगं, ‘मोबाईल नाही, स्वयंपाक नाही, कुणाशी बोलायचं नाही. ताई, हे तर माहेरपणच झालं की!’ असं तू परवा फोनवर म्हणालीस. सासूबाई शेजारी असतील म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता निवांत सांगते. विपश्यनेला जरूर जा. पण माहेरपण हवं असेल तर आईकडे जा. ती निदान सकाळी सातपर्यंत झोपू देते.

तिथं पहाटे चारला घंटा होते. साडेचारला ध्यानाला बसायचं ते साडेसहापर्यंत. मग नाश्ता. आठ ते अकरा पुन्हा ध्यान, अकराला जेवण, एक ते पाच ध्यान. पाचला चहा, सोबत चुरमुरे आणि एखादं फळ. रात्रीचं जेवण नाही. सहाला परत एक तास बसायचं, सातला गोयंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन, मग थोडं ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. दिवसाकाठी दहा तास बसणं होतं, बये. पंगतीत वाढून दमणारी तू, पण नुसतं बसून माणूस किती दमतं ते तुला तिथं कळेल.

मौनाचं म्हणशील तर ते सगळ्यात सोपं. त्याला आर्य मौन म्हणतात. नुसती जीभ आवरायची नाही; खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, नजरानजरही टाळायची. काही लागलं तर धम्मसेविकेला हळूच सांगायचं, साधनेतली अडचण दुपारी आचार्यांना विचारायची, बस्स. पहिल्या दिवशी ताट धुताना मी शेजारच्या बाईकडे बघून सवयीनं हसले. तिनं मान खाली घातली. मला रागच आला, म्हटलं काय शिष्ट आहे! पुढं दोन दिवसांनी लक्षात आलं, आपलं तोंडदेखलं हसणंही बंद झालंय आणि गालांना किती आराम मिळतोय. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

पण तोंड मिटलं म्हणून आतली तक्रार थांबत नाही. तुझ्या लग्नातल्या मानपानावरून झालेली बोलणी, जावेनं न विचारता नेलेली पैठणी, सगळं रांगेनं येतं. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. श्वास मोठा करायचा नाही, मंत्र नाही, मूर्ती नाही. चौथ्या दिवशी खरी विपश्यना देतात: डोक्यापासून पायापर्यंत शरीरभर लक्ष फिरवायचं आणि जे जाणवेल ते जाणायचं, हवंसं नाही, नकोसं नाही. त्यानंतर दिवसातून तीनदा तासभर डोळे, हात, पाय न हलवता बसायचं, ते अधिष्ठान. विसाव्या मिनिटाला डाव्या गुडघ्यात कळ उठते. आधी सुईसारखी, मग सगळी मांडी पेटते. हलायचं नाही म्हणून तू नुसती बघत बसतेस, आणि एका क्षणी दिसतं की ती कळसुद्धा एकसारखी नाही, तिच्यात लहानलहान धक्के आहेत, मध्ये मोकळी जागा आहे. हेच शिकायला जायचं. बाकीचं पुस्तकात आहे. गुडघे फारच कुरकुरत असतील तर खुर्ची माग, त्यात कमीपणा नाही.

‘डोकेदुखी जाते का?’ असंही तू विचारलंस. सत्यनारायण गोयंकांचीच गोष्ट ऐक. ब्रह्मदेशातल्या मारवाडी व्यापारी घरातला माणूस, अर्धशिशीनं इतका बेजार की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. 1955 मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन सरकारी खात्यातले मोठे हिशेबनीस. डोकं दुखतं म्हणून आलो म्हटल्यावर त्यांनी सरळ नकार दिला: एवढ्यासाठी ही विद्या नाही. मन स्वच्छ करायचं असेल तर ये, दुखणं जाता जाता जाईल. मला त्यांचा हा रोखठोकपणा फार आवडतो. म्हणून, नवरा सुधारेल, वजन उतरेल, झोप लागेल असलं काही मनात धरून जाऊ नकोस. थायरॉईडची गोळी मात्र चुकवायची नाही. फॉर्ममध्ये आजारपण, औषधं, मनाचा काही त्रास झाला असेल तर तेही विचारतात. तिथं खोटं लिहू नकोस. मनाचा गंभीर आजार असणाऱ्यांनी हे दहा दिवस करू नयेत असं ते स्वतःच सांगतात, आणि ते बरोबर आहे.

सासूबाई विचारणारच, ‘धर्म बदलायला चाललीस का?’ लपवाछपवी करू नकोस. पहिल्या संध्याकाळी बुद्ध, धम्म, संघाला शरण जातो असं म्हणतात, पंचशील घेतात, हे आपणहून सांग. आणि हेही सांग, की गोयंका स्वतः सनातनी घरातले, त्यांनाही हीच भीती होती. जुलै 1969 मध्ये मुंबईतल्या धर्मशाळेत त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर घेतलं ते आपल्या आजारी आईसाठी. चौदा माणसं होती, त्यात आईवडील दोघं. शिबिरात फक्त माळ, उपास, पूजा बाजूला ठेवायला सांगतात. त्या दहा दिवसांत एकादशी आली तर ती मोडेल. तेवढी तारीख बघून ठेव, म्हणजे उगाच कुरबूर नको.

कुठं जायचं? इगतपुरीचं धम्मगिरी मोठं, 1976 पासूनचं, पावसाळ्यात धुक्यात बुडालेलं. पण तुला रहिमतपुरातून कोल्हापूरकडचं धम्मालय सोयीचं. रेल्वेनं हातकणंगल्याला उतरायचं, तिथून आळत्याकडे रामलिंगचा रस्ता. डोंगराच्या कुशीत आहे, झाडी आहे. मात्र ‘निसर्गात’ म्हणून हुरळून जाऊ नकोस. डोंगर दिसतो, पण त्यावर जायचं नाही. बायकांना आखून दिलेल्या वाटेवरच शतपावली. आठवतं, शाळेच्या सहलीत कराडजवळ आगाशिवच्या लेण्यांत आपण त्या कोरलेल्या ओट्यांवर आडव्या पडलो होतो आणि बाई ओरडल्या होत्या? दोन हजार वर्षांपूर्वी तिथं भिक्खू पावसाळ्यात असेच एका जागी थांबायचे, वर्षावासाला. फिरायला नव्हे, फिरणं थांबवायला डोंगर निवडलेला.

तारीख माझं ऐकून पितृपंधरवड्यातली बघ. आपली तिथी उरकली की ना बारसं, ना सुपारी, ना साखरपुडा. कुणी नाव ठेवायला जागा नाही. मुलांच्या परीक्षा तेवढ्या सांभाळ. हळदीच्या काढणीत गेलीस तर वर्षभर ऐकावं लागेल. केंद्राच्या कार्यालयाचा नंबर तुझ्या नवऱ्याकडे दे आणि बजाव, खरीच अडचण असेल तरच फोन करायचा. पिठाचा डबा कुठं आहे ही अडचण नव्हे. पाळी आली तरी काही बिघडत नाही, तिथं कुणी बाजूला बसवत नाही. सैल पंजाबी ड्रेस, शाल, टॉर्च, छत्री घे. पैंजण आणि काचेच्या बांगड्या घरी ठेव. दीडशे माणसं गप्प बसलेली असताना एक बांगडी किणकिणली तरी अख्ख्या हॉलला ऐकू जाते.

पैसे लागत नाहीत. राहणं, जेवण सगळं आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर चालतं, आणि तुझं दानही शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात. पहिल्याच शिबिरात पळून जावंसं वाटतं, विशेषतः दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी. गुरुजी प्रवचनात हे स्वतः सांगतात. त्या दोन दिवशी बॅगेला हात लावू नकोस.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं, मैत्रीभावना शिकवतात, आणि मग बायका जे बोलत सुटतात म्हणतेस! अकराव्या दिवशी सकाळी घरी. त्या दिवशी कुणाला जेवायला बोलावू नकोस. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात; आपल्या घरात दोन तास जमतात असं मी म्हणणार नाही. सकाळचा एक जमव, दूधवाल्याच्या आधी.

सासूबाईंशी मी बोलते, तुझ्या नवऱ्यालाही पटवते. फॉर्म मात्र तुझा तू भर, आणि लवकर भर. बायकांच्या जागा पटकन भरतात.