जुनी गिटार विकताना : दोष कोणी सांगायचा?



लग्नाच्या मांडवात आणि नाताळच्या कार्यक्रमांत बँड वाजवणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. त्यांतल्या काहींनी बोटीवरच्या किंवा आखातातल्या नोकरीत पैसे साठवून परदेशी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली. आता वाजवणारे हात थकले आहेत, काही जण देवाघरी गेले आहेत. गिटार मात्र पेटीत बंद होऊन माळ्यावर पडली आहे. तारा गंजल्या आहेत, आवाजाचे बटण फिरवले की खरखर होते, एक पिकअप तर मुकाच आहे. घरात पैशांची निकड असते आणि कोणीतरी सुचवते, "विकून टाका." मग प्रश्न उभा राहतो : बिघाड गिऱ्हाइकाला सांगावा का? सांगितला तर भाव पडेल. आणि लपवला तर?

१. दिसणारा दोष आणि लपलेला दोष

आपल्या देशाचा १९३० सालचा मालविक्री कायदा सर्वसाधारणपणे घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा असे मानतो. त्याला अपवाद आहेत आणि फसवणुकीला तो मोकळीक देत नाही. परंतु विवेक याहून थोडे अधिक मागतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नाचा विचार केला. त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणालाही दिसते. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली की त्याचे कर्तव्य झाले. पण जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. मात्र चौकात दवंडी पिटण्याची गरज नाही, असेही ते म्हणतात. दोष आधीच ऐकून गिऱ्हाईक पळेल आणि वस्तूचे चांगले गुणही पाहणार नाही. जो घ्यायला येईल, त्याला समोर बसवून सांगावे.

हा नियम गिटारीला लावून पाहा. अंगावरचे ओरखडे, उडालेला रंग, हरवलेले बटण हे दिसणारे दोष झाले. मुका पिकअप, पिळवटलेला नेक, वरून दिलेला नवा रंग, मोडून पुन्हा चिकटवलेले डोके हे लपलेले दोष. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारींचे डोके मागे कललेले असते. गिटार पडली की ते नेमके मानेपाशी मोडते. चांगला कारागीर ते असे जोडतो की सांधा दिसत नाही. तरीही अशा गिटारीची किंमत बरीच उतरते. म्हणून ते सांगणे आवश्यक.

२. आपल्याजवळ काय आहे, हे आधी जाणून घ्या

जे आपल्यालाच ठाऊक नाही, ते आपण प्रामाणिकपणे सांगणार कसे? डोक्यावरच्या नावावर विसंबू नका. १९७०च्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला केल्या, आणि नाव तर कोणीही चिकटवू शकतो.

जाणकार कारागिराकडून गिटार उघडून घ्या. जुन्या फेंडर गिटारीत नेकच्या बुंध्यावर पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख टाकलेली असते. आवाजाच्या बटणाखालच्या सुट्या भागावरही आकडे असतात. उदाहरणार्थ १३७६६३३ : यातले १३७ म्हणजे तो भाग बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, निदान तो भाग मूळचा असेल तर. हे साल महत्त्वाचे ठरते, कारण जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्याआधीच्या गिटारींना संग्राहक जास्त मोल देतात.

मुका पिकअप मल्टिमीटरने तपासता येतो. जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप साधारण सहा किलो-ओहमच्या आसपास आकडा दाखवतो. मीटरवर काहीच आले नाही, तर आतली बारीक तार तुटली असण्याची शक्यता मोठी.

३. दुरुस्तीची घाई नको

आपण घर विकण्याआधी रंग देतो. जुन्या गिटारीच्या बाबतीत हेच उलटे पडते. मूळ रंग खरवडून नवा दिला की किंमत वाढत नाही, घसरते. मूळचे सोल्डरिंग, मूळचे स्क्रू, मूळचा पिकअप यांनाच मोल असते. पिकअप बंद असला तरी तो फेकू नका. पूर्वी कोणी काढलेले भाग डब्यात सापडले तर तेही सोबत द्या. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, तेवढे पुरे. पुढची दुरुस्ती कशी करायची, हे घेणाऱ्याला ठरवू द्या.

गिटार परदेशी पाठवायची असेल तर फिंगरबोर्डचे लाकूड तपासून घ्या. ब्राझिलियन रोजवुडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आहेत. परवान्याशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाही.

विकताना एका कागदावर साध्या शब्दांत लिहून द्या : "मधला पिकअप बंद. बटणाला खरखर. फ्रेट झिजलेल्या. रंग मूळचा. तारा मूळच्या नाहीत." खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. त्यामुळे उद्या वाद होणार नाही आणि मनही शांत राहील.

४. घेणाऱ्याचेही कर्तव्य

बहुतेक वेळा आपण विकणाऱ्यालाच उपदेश करतो. पण नवऱ्यामागे एकटी राहिलेली एखादी बहीण पेटी उघडून म्हणते, "जुनंच आहे हो, बंदही पडलंय, द्या काय ते." समोरच्याला कळते की हे वाद्य लाखाच्या मोलाचे आहे. तो गप्प राहून पाच हजार तिच्या हातावर ठेवतो. हा चतुर व्यवहार झाला का?

संत थॉमस येथेही स्पष्ट आहेत. कोणी सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला खरे ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे आणि त्याने भरपाई केली पाहिजे. दुसऱ्याच्या अज्ञानाचा भाव आपण आपल्या खिशात घालू नये. म्हणून घरातल्या गिटारीची किंमत दोन-तीन जाणकारांना विचारल्याशिवाय ठरवू नका, आणि विचारायला आपल्या विश्वासातले कोणी सोबत न्या.

आणि भावनेचे काय? "ही बाबांची गिटार, तिला मोल नाही," असे मुलगा म्हणतो. वस्तू देण्याने आपल्याला जी झळ बसते, ती किमतीत धरायला संत थॉमस मुभा देतात. घेणाऱ्याची गरज पाहून भाव चढवायला मात्र देत नाहीत. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे : आपले नुकसान आपण मोजू शकतो, दुसऱ्याची निकड ही आपली मालमत्ता नव्हे.

बिघाड सांगून विकलेली गिटार कदाचित थोड्या कमी पैशांत जाईल. पण ती ज्याच्या हाती पडेल तो डोळे उघडे ठेवून घेईल, दुरुस्त करील आणि वाजवील. माळ्यावर गंजण्यापेक्षा ते बरे.

समूहात चर्चेसाठी :
१. घरातली कोणती वस्तू आपण दोष न सांगता विकली जाताना पाहिली आहे?
२. दिसणारा आणि लपलेला दोष हा फरक जमीन, गाडी किंवा जनावर विकताना कसा लागू होईल?
३. आपल्या शेजारी एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला असा व्यवहार करताना आपण काय मदत करू शकतो?