अवर्षण, टंचाई, दुष्काळ : पाणीधोरणाच्या परिभाषेचा विचार

अवर्षण, टंचाई आणि दुष्काळ हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ भिन्न आहेत. अवर्षण ही निसर्गाची स्थिती होय. टंचाई म्हणजे गरज व उपलब्धता यांतील तफावत. दुष्काळात माणसाची अन्नपाणी मिळविण्याची शक्तीच खचते. शासन यांपैकी कोणता शब्द स्वीकारते, यावर त्याच्या धोरणाची दिशा बव्हंशी ठरते. महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये स्वतंत्र अधिनियम करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, ही संज्ञाच काढून टाकली. तिची जागा टंचाईवाचक शब्दाने घेतली. शेतीच्या स्थितीवर राज्याचे सतत लक्ष असल्याने दुष्काळास वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. पुढे १९७२ साली लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर आली, तेव्हा लोकांनी त्या वर्षाला दुष्काळच म्हटले. आजही ‘बहात्तरची टंचाई’ असे कोणी म्हणत नाही.

टंचाई या शब्दात एक सोय आहे. पाणी कमी आहे, एवढेच तो सांगतो. कोणाला कमी, हे सांगत नाही. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात हा प्रश्न आधीच उभा राहिलेला दिसतो. लष्करी शिपायांकडून ताली-बंधारे बांधवून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे आणि कालव्याचे पाणी प्रत्येक शेताला मोजून तोटीने द्यावे, अशा सूचना तेथे आहेत. पाणी आणणे व पाणी वाटणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांत गृहीत आहे. मात्र फुल्यांच्या मोजणीचे एकक शेत हे आहे. ज्याला शेतच नाही त्याचे काय, हा प्रश्न तेथे उरतो.

हाच प्रश्न मराठी प्रदेशाबाहेरही भेटतो. पंजाबातील खरड हे चंदीगडलगतचे गाव शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या पट्ट्यात आहे. (पुरात जमीन ‘खरडून जाते’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे नाव चमत्कारिक वाटेल, तो केवळ उच्चाराचा योगायोग.) टेकड्यांवरून येणाऱ्या पावसाळी ओढ्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात, आणि त्यांनी माती वाहून नेऊ नये म्हणून १९०० सालीच पंजाबात कायदा झाला होता. चंदीगड शहराची तहान खरडच्या पलीकडील कजौली येथून, भाक्रा कालव्याचे पाणी उचलून भागविली जाते. म्हणजे पाऊस बरा असलेल्या पायथ्याच्या शहरालाही दूरच्या नदीचे पाणी लागते. राज्याच्या सपाटीवर तर भातासाठी भूजलाचा इतका उपसा झाला की २००९ मध्ये रोपलावणीची तारीख कायद्याने बांधावी लागली. महाराष्ट्रात उसाचे जे स्थान, तेच तेथे भाताचे.

चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा पी. आर. मिश्र या मृदसंधारण-तज्ज्ञांनी पाणलोटातील सुखोमाजरी गावात १९७०च्या दशकात छोटे मातीचे बांध घालविले. डोंगरावरील मोकाट चराई थांबवायची, तर गावातील प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा द्यावा लागेल, हे तेथे उमगले. भूमिहीनालाही वाटा मिळाला. तो त्याने वापरावा किंवा दुसऱ्याला विकावा.

जवळजवळ त्याच काळात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत उभी राहिली (१९७४). तिचे नियम अधिक कडक होते. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात : दर माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उसाला बंदी. भूमिहीनाला हक्क. सुखोमाजरीत समान वाटा ही डोंगर राखण्याची किंमत होती. नायगावात तो न्यायाचा आरंभबिंदू होता. हा फरक लहान नाही. पहिल्या ठिकाणी गाळ थांबला की वाट्याचे कारणही सैल होऊ शकते.

महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा व शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा, असे दोन कायदे केले. त्यांत पाण्याच्या हक्काला प्रथमच व्यवस्थित परिभाषा मिळाली. परंतु पाणीवापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकासच आहे; नायगावच्या नियमांतील भूमिहीन त्या परिभाषेत आलेला नाही.