वजन उतरवायचे तर कमी काय करावे : साखर की तेल?



सवलतीची साखर न्यायला आलेल्या एका सभासदाने मागे गोदामाच्या दारातच प्रश्न टाकला. "डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, साखर सोडा. पुण्याचा जावई म्हणतो साखरेचं काही नाही, तेल-तूप बंद करा. घरची म्हणते, दोन्ही बंद केल्यावर खायचं काय? आता ऐकायचं कुणाचं?" रांगेतले सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गुडघेदुखी, रक्तदाब आणि मधुमेह आता शहरापुरते राहिलेले नाहीत, वाड्यावस्त्यांवर पोचले आहेत. आपले संसार साखरेवर उभे आहेत हे खरे. म्हणूनच साखरेविषयी खरे काय ते आपल्याच पत्रिकेत स्पष्ट लिहिलेले बरे.

उष्मांकांचा जमाखर्च

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातूनही ४. पण एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून ९ मिळतात. शरीराचा खर्च भागून जे उरते ते चरबी होऊन अंगावर साठते. खर्चापेक्षा जमा कमी पडली की हीच साठवण मोडावी लागते आणि वजन उतरते. सोसायटीच्या खात्यासारखाच हा व्यवहार आहे. या हिशेबाने चमचाभर तेल हे चमचाभर साखरेच्या दुप्पट भारी पडते, म्हणून जावईबापूंचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांनी मोट हाकली, बैलाच्या मागे दिवसभर नांगर धरला, बाजाराला चालत गेले. त्यांना गूळ-शेंगदाणे पचत होते, तुपाची धारही पचत होती. आता बटण दाबले की पाणी येते, मशागत ट्रॅक्टरने होते, ऊस तोडायला टोळी येते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. कष्ट घटले, चहा मात्र घटला नाही, उलट वाढला.

वाद कसा माजला

साखर की चरबी हा वाद जुना आहे. अमेरिकेतील ॲन्सेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतील लोकांचा अभ्यास हाती घेतला आणि हृदयविकाराचा संबंध आहारातील चरबीशी जोडला. इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहून साखरेला दोषी धरले. यात साखर धंद्यानेही हात घातला. 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या अमेरिकेतील साखर धंद्याच्या संस्थेने १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांकडून आढावा लिहून घेण्याचे ठरवले आणि त्यापोटी ६,५०० डॉलर दिले. १९६७ मध्ये तो आढावा एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात सारा रोख चरबीवर होता आणि साखरेला झुकते माप होते. पैसे कुणी दिले याचा मात्र उल्लेख नव्हता. जुन्या पत्रव्यवहारावरून ही गोष्ट २०१६ मध्ये उजेडात आली.

यावरून चरबी निर्दोष आहे असे समजू नये. तुपा-वनस्पतीचा अतिरेक हृदयाला आजही वाईटच मानला जातो. पण पुढे बाजारात चरबी काढलेले आणि चवीसाठी साखर घातलेले पदार्थ आले आणि ते 'हलके' समजून लोक खात राहिले. धंद्याच्या सोयीचे शास्त्र ग्राहकाच्या अंगाशी येते, हा धडा आपण साखर पिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

६०९ माणसांचा प्रयोग

आता वजनाचा नेमका प्रश्न. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ स्थूल माणसांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितले, दुसऱ्याला साखर आणि पिष्टमय पदार्थ. निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. हा फरक शास्त्रीय दृष्ट्या मोजण्याजोगा नाही, म्हणजे दोघेही सारखेच! एकाच गटात मात्र कुणाचे वजन वीस किलोहून जास्त उतरले, तर कुणाचे चक्क वाढले. ज्याला जो नियम रोज पाळता आला, त्याला तो लागू पडला.

यातली खरी गोम पुढे आहे. दोन्ही गटांना एक सल्ला सारखाच होता : वरून घातलेली साखर आणि मैदा शक्य तितका टाळा, भाजीपाला भरपूर खा, घरी शिजवलेले खा. म्हणजे तेल कमी करणाऱ्यांनीही साखर कमी केलीच होती.

मग आधी कशाला हात घालावा?

आधी साखरेला. कारण सरळ आहे. शरीराला लागणारी साखर ते भाकरीतून, भातातून, डाळीतून स्वतः तयार करून घेते. वरून घातलेली साखर शून्यावर आणली तरी शरीराचे काही अडत नाही. तेलाचे तसे नाही. काही स्निग्धाम्ले शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही स्निग्धांशाबरोबरच अंगी लागतात. म्हणून साखर सोडता येते, तेल फक्त मापात आणता येते.

दुसरे असे की चहातून, सरबतातून गेलेल्या साखरेने पोट भरत नाही. दोन चमचे साखरेच्या चहाचे सहा कप म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर, २४० उष्मांक. तरीही जेवणातली एक भाकरी कमी होत नाही.

गुळाने हे गणित बदलत नाही. गुळाचे उष्मांक जवळपास साखरेएवढेच. मध आणि उसाचा रसही याच हिशेबात धरायचा.

आपल्या घरचे माती परीक्षण

उसाला नत्र बंद करू की पालाश, असे कुणी विचारले तर आपण म्हणतो, आधी माती तपासून आण. घरचेही तसेच आहे. महिन्याला साखर किती आणि तेल किती लागते ते आधी लिहून काढावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की अशी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. रोज २,००० उष्मांक धरले तर ही मर्यादा ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होते. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेसात किलो ही वरची हद्द, पावणेचार किलो हे चांगले माप. साखर, गूळ आणि बाहेरचे गोड, सगळे यातच आले. ज्या घरात महिन्याला दहा किलो साखर लागते, तिथे माणशी रोज ६६ ग्रॅम जातात.

तेलाचेही तसेच. ईश्वरपूरच्या बाजारातून आणलेला १५ किलोचा डबा पाच माणसांत एका महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज १०० ग्रॅम तेल झाले, म्हणजे नुसत्या तेलाचे ९०० उष्मांक! तोच डबा तीन महिने पुरला तर माणशी ३३ ग्रॅम पडतात. अशा पहिल्या घरात साखरेइतकेच तेलाकडे बघायला हवे. दुधातला स्निग्धांशही विसरू नये. डेअरीत ६ फॅट लागली म्हणजे लिटरमागे सुमारे ६० ग्रॅम स्निग्धांश. दुधाचे पैसे घेताना जे मोजतो, ते पिताना मोजत नाही.

आणि लाडू, शंकरपाळी, बालूशाही यांत तर साखर आणि तूप-तेल दोन्ही एकत्र. तिथे वाद घालायचे कारणच नाही.

'मी तर बारीक आहे'

असे म्हणणाऱ्यांनीही सावध राहावे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःची आणि इंग्लंडमधील एका सहकारी डॉक्टरांची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी त्या डॉक्टरांच्या ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपली माणसे दिसायला बारीक, पण पोटाशी चरबी धरणारी. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही लावावी. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. करगोटा वरचेवर सैल करावा लागत असेल, तर काट्याची वाट बघू नये.

आणि उसाचे काय?

सगळ्यांनी साखर कमी केली तर उसाचे काय, असे मनात येणे साहजिक आहे. आपल्या घरच्या डब्यातल्या साखरेवर उसाचा दर ठरत नाही. देशातल्या साखरेचा मोठा भाग मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये करणाऱ्यांकडे जातो, शिवाय उसापासून इथेनॉलही होते. पिकवतो म्हणून खाल्लेच पाहिजे असे कुठे आहे? तंबाखू पिकवणाऱ्यालाही आपण तेच सांगतो. सवलतीची साखर हा सभासदाचा हक्क आहे, ती हक्काने न्या. पण पोते घरात आहे म्हणून चमचा मोठा करू नका.

काय करावे

१. चहातली साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा. महिना-दीड महिन्यात जिभेला सवय होते.

२. पाहुण्याला साखर वेगळी द्या. 'किती घालू?' असे विचारण्यात कमीपणा नाही, आणि बिनसाखरेचा मागण्यातही नाही.

३. तेल डब्यातून ओतू नका, चमच्याने घाला. तळण सणापुरते ठेवा.

४. ताटात डाळ, उसळ, ताक, अंडी, पालेभाजी वाढवा. पोट भरले की हात आपोआप गोडाकडे जात नाही.

५. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुरे. घाई करू नये.

६. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम तोडू नये. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांचे तेल-तूप मनाने बंद करू नये.

गोदामाच्या दारात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर एवढेच : साखर आधी कमी करा, तेल मोजून वापरा, आणि घरची म्हणते तेही ऐका, कारण चमचा तिच्याच हातात आहे. ऊस कारखान्याच्या काट्यावर भरावा. आपण भरू नये.